तेलात भिजलेला पाला: ग्रीक हिरव्या सॅलडची जुनी गोष्ट

विषय जाहीर झाला तेव्हा काहींनी विचारलं, की इतिहासाच्या व्याख्यानमालेत सॅलड कुठून आलं? प्रश्न रास्त आहे. आजच्या बोलण्यातून त्याचं उत्तर मिळावं अशी आमची अपेक्षा आहे. ज्यांना ते पटणार नाही, त्यांना घरी गेल्यावर दहा मिनिटांत होणारा एक चविष्ट पदार्थ तरी करता येईल, एवढी हमी देतो.

ग्रीक सॅलड म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एक ठरलेलं चित्र येतं. टोमॅटोच्या फोडी, काकडी, कांदा, काळी ऑलिव्ह आणि वर फेटा चीजचा पांढरा तुकडा. ग्रीसमध्ये याला ‘होरिआतिकी’ म्हणतात, म्हणजे गावाकडचं. नाव ऐकून वाटतं की सॉक्रेटिसही हेच खात असणार. पण टोमॅटो हे अमेरिका खंडातलं फळ. ते ग्रीसमध्ये पोचायला एकोणिसावं शतक उजाडलं. अथेन्समध्ये असं सांगतात, की १८१८ च्या सुमारास प्लाका भागातल्या कपुचिन मठाच्या बागेत तिथली पहिली टोमॅटोची रोपं लागली. म्हणजे आपल्याकडे पेशवाई संपत होती, तेव्हा ग्रीसमध्ये टोमॅटो नुकता रुजत होता. आणि फेट्यासकट हे सॅलड खानावळींच्या पाटीवर रुळलं ते आणखी उशिरा, विसाव्या शतकात, पर्यटकांचे लोंढे यायला लागल्यावर. ‘फेटा’ हा शब्दसुद्धा इटालियन, अर्थ ‘काप’. युरोपीय संघाने २००२ साली या नावावर ग्रीसचा हक्क मान्य केला आणि त्यावर कोर्टकचेऱ्या झाल्या, पण तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे.

आज आपण त्याच्या थोरल्या बहिणीबद्दल बोलणार आहोत. तिचं नाव ‘मारुलोसालाता’. मारुली म्हणजे लेट्यूस, सालाता म्हणजे सॅलड. यात टोमॅटो नाही, काकडी नाही, चीजही नाही. बारीक चिरलेला लेट्यूस, पातीचा कांदा, शेपू, मीठ, लिंबू आणि ऑलिव्हचं तेल. बस.

हो, शेपू! सभागृहात काही चेहरे वाकडे झालेले दिसतायत. मराठी घरात शेपूवरून दोन तट पडतात, हे आम्हाला ठाऊक आहे. पण कच्चा, कोवळा शेपू लिंबाबरोबर आला की त्याचा उग्रपणा पार बदलतो. एकदा करून बघा, मग भांडा.

कृती आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं बोलणं तिला धरून करता येईल. चौघांसाठी रोमेन लेट्यूसचा एक मोठा गड्डा घ्या, साधारण ३०० ग्रॅम. आजकाल मंडईत मिळतो, भाजीवाले त्याला ‘एक्झॉटिक’ म्हणतात. पानं सुटी करून दोन पाण्यांत धुवा आणि स्वच्छ पंचात गुंडाळून कोरडी करा. या कोरडं करण्यात आळस करू नका. पानावर पाणी राहिलं तर तेल चिकटत नाही, सगळं वाडग्याच्या तळाशी उतरतं. मग चार-पाच पानं एकावर एक ठेवा, गुंडाळी करा आणि अळूवडीच्या उंड्यासारखी आडवी चिरा, पण अगदी बारीक, दोऱ्यासारखी. हाताने फाडलेली मोठी पानं ही अमेरिकन रीत झाली. ग्रीक बायका पाला चिरतात. चार-पाच पातीचे कांदे हिरव्या पातीसकट चिरून घाला. मूठभर शेपूच्या काड्या काढून टाका आणि पानं चिरून घाला. अर्धा चमचा मीठ, दीड-दोन मोठे चमचे लिंबाचा रस आणि चार मोठे चमचे तेल. आपलं कागदी लिंबू तिकडच्या लिंबापेक्षा आंबट असतं, त्यामुळे रस जरा हात राखून घाला. मीठ, रस, तेल हे सगळं ताटं वाढल्यावर घालायचं, आधी नाही. मिठाने पानाला पाणी सुटतं आणि दहा मिनिटांत पाला मान टाकतो, हे कोशिंबीर करणाऱ्या कुणालाही सांगायला नको.

‘सॅलड’ हा शब्दच मिठातून आला आहे. लॅटिनमध्ये ‘साल’ म्हणजे मीठ, त्यावरून ‘सालाता’ म्हणजे खारवलेलं. ग्रीकांनी तो इटालियन भाषेतून घेतला. म्हणजे पदार्थ जुना, नाव उसनं.

आता एकेक जिन्नस पाहू.

लेट्यूस ग्रीसमध्ये फार जुना. प्राचीन ग्रीक त्याला ‘थ्रिडाक्स’ म्हणत. ॲरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रास्टस, ज्याला वनस्पतिशास्त्राचा जनक म्हणतात, त्याने इसवी सनापूर्वी चौथ्या-तिसऱ्या शतकांत वनस्पतींवर मोठा ग्रंथ लिहिला आणि त्यात लेट्यूसचे वेगवेगळे प्रकार नोंदवले. ‘मारुली’ हे आजचं नाव नंतरचं. ते ‘कडू’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आलं असं मानतात. नाव खोटं नाही. जुना लेट्यूस कडवट असायचा. देठ मोडला की पांढरा चीक येतो, त्यातच ती कडवट चव असते. लॅटिन नाव ‘लाक्टुका’ तर थेट या दुधावरूनच पडलं.

या चिकावरून दोन संस्कृतींनी काढलेले अर्थ बघण्यासारखे आहेत. इजिप्तमध्ये मिन नावाच्या देवापुढे लेट्यूस ठेवत, कारण तो सुफलतेचा, पौरुषाचा देव, आणि पांढरा चीक ही त्याची खूण. समुद्र ओलांडून ग्रीसमध्ये या, तीच वनस्पती, तोच चीक, आणि अर्थ बरोबर उलटा! ग्रीकांच्या मते लेट्यूस थंड, माणसाची ताकद घालवणारा. ॲडोनिस या देखण्या तरुणाच्या मृत्यूशी लेट्यूसचा संबंध जोडलेला होता, आणि विनोदी नाटककारांना त्यावरून चावट विनोद करायला आयतं खाद्य मिळालं.

ॲडोनिसच्या सणाला अथेन्सच्या बायका फुटक्या मडक्यांत लेट्यूस आणि बडीशेपेचं बी पेरून घरांच्या छपरांवर ठेवत. ऐन उन्हाळ्यात. रोपं भराभर उगवत आणि तितक्याच भराभर करपून जात. मग बायका विलाप करत आणि ती रोपं पाण्यात टाकून देत. आपल्याला साहजिकच घटातलं धान आठवतं, पण फरक ध्यानात घ्या. आपला घट वाढीचा सोहळा आहे, त्यांचा कोमेजण्याचा. प्लेटोने ‘फीड्रस’ संवादात याच बागांचा दाखला दिला आहे: शहाणा शेतकरी आपलं खरं बियाणं तिथे पेरणार नाही.

वैद्यांचं मत मात्र वेगळं होतं. पर्गामॉनचा गॅलेन, दुसऱ्या शतकातला सगळ्यात नामवंत ग्रीक वैद्य, म्हातारपणी झोप लागेना म्हणून रात्री लेट्यूस खायचा आणि त्याने तसं लिहूनही ठेवलं. पण आमचा आवडता माणूस म्हणजे सायरिनीचा अरिस्टॉक्सेनस. अथिनीअस या लेखकाने त्याची गोष्ट सांगितली आहे. हा तत्त्वज्ञ संध्याकाळी बागेतल्या लेट्यूसच्या वाफ्याला वाइन आणि मध घालायचा, आणि सकाळी पानं खुडताना म्हणायचा, की धरणीमातेने मला हिरव्या पोळ्या पाठवल्या! सॅलडवर घालायची फोडणी याने मुळांनाच घातली. चैन करावी तर अशी.

शेपूकडे येऊ. शेपू म्हणजे ग्रीकांचा ‘अनिथोस’. थिओफ्रास्टसला तो माहीत होता, आणि साफोच्या कवितेत तर मुली शेपूच्या कोवळ्या फांद्यांचे गजरे माळतात. गजऱ्यापासून ताटापर्यंत शेपूचा असा मान. आजही ग्रीक स्वयंपाकात लेट्यूस, पातीचा कांदा आणि शेपू हे त्रिकूट एकत्रच फिरतं. ईस्टरच्या मध्यरात्री चर्चमधून परतल्यावर घरोघरी ‘मायिरित्सा’ नावाचं सूप पितात. कोकराच्या काळीज-आतड्यांचं सूप, पण त्यात हिरवं काय, तर लेट्यूस, पातीचा कांदा आणि शेपू. हे तिन्ही वसंतात एकदमच कोवळे येतात. ऋतूने जमवलेली ही जोडी आहे, कुण्या आचाऱ्याने नव्हे.

लिंबाची गोष्ट थोडी आपल्या बाजूची आहे. प्राचीन ग्रीकांच्या पानात लिंबू नव्हतं, आंबटपणासाठी ते व्हिनेगर वापरत. अलेक्झांडरच्या मोहिमेनंतर थिओफ्रास्टसने एका पूर्वेकडच्या फळाचं वर्णन केलं, ज्याला तो मीडिया-पर्शियाचं सफरचंद म्हणतो. हे खात नाहीत, वास सुंदर, कपड्यांत ठेवलं तर कसर लागत नाही, असं तो लिहितो. हे फळ म्हणजे आपलं महाळुंग. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात आहे तेच. त्याचं मूळ हिमालयाच्या पायथ्याकडचं. महाळुंग आणि कडू संत्रं यांच्या संकरातून पुढे पिवळं लिंबू झालं, आणि भूमध्य समुद्राभोवती ते खऱ्या अर्थाने पसरलं मध्ययुगात, अरबांच्या काळात. म्हणजे सॉक्रेटिसला आपण आज हे सॅलड वाढलं, तर पाला तो ओळखेल, तेल ओळखेल, लिंबू मात्र हातात धरून फिरवत बसेल.

आता मंडळी, खरा मुद्दा. तेल.

मघाच्या कृतीचा जरा हिशोब मांडा. ३०० ग्रॅम लेट्यूसमध्ये साधारण ५० कॅलरी. कांदा, शेपू, लिंबू धरून आणखी वीसेक. चार मोठ्या चमचे तेलात मात्र जवळजवळ ४८०. म्हणजे त्या वाडग्यातून मिळणाऱ्या ऊर्जेचे दहातले जवळपास नऊ भाग तेलाचे आहेत. आपण त्याला पाल्याचं सॅलड म्हणतो, पण पोटाच्या हिशोबाने ते तेल आहे, पाला हे तेल खाण्याचं निमित्त. ग्रीक स्वयंपाकात तेलात शिजवलेल्या भाज्यांचा एक वर्गच आहे, ‘लादेरा’, म्हणजे तेलातल्या. मांस नसलेल्या घरात माणूस शेतात दिवसभर राबला, तो या तेलावर आणि पावावर.

पाल्यातही लेट्यूस हा बागेतला, म्हणजे जरा ऐपतीचा. त्याच्या खालच्या पायरीवर रानपाला. ग्रीक त्याला ‘होर्ता’ म्हणतात. रानचिकोरी, डँडेलियन, क्रीट बेटावरचं काटेरी स्तामनागाथी, आणि अशा कितीतरी. पावसाळा तिथे हिवाळ्यात, त्यामुळे ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून वसंतापर्यंत बाया टोपली आणि सुरी घेऊन डोंगर पालथा घालतात. पाला उकडायचा, पिळायचा, वर तेल आणि लिंबू. यातल्या दोन भाज्या तर तुमच्या ओळखीच्या आहेत. ‘ग्लिस्त्रीदा’ म्हणजे आपली घोळ, ती तिथे सॅलडमध्ये कच्ची खातात. ‘व्लीता’ म्हणजे माठाच्याच कुळातली भाजी, ती उन्हाळ्यात उकडून. रोमेन लेट्यूस नाही मिळाला तर घोळीची कोवळी पानं घेऊन हेच सॅलड करा, ते अधिक ग्रीक होईल, आणि स्वस्तही.

या पाल्याची कसोटी लागली १९४१ साली. एप्रिलमध्ये जर्मन फौजा अथेन्समध्ये शिरल्या. देशाची वाटणी जर्मनी, इटली आणि बल्गेरिया यांच्यात झाली. धान्य पिकवणारा पूर्व मॅसेडोनिया आणि थ्रेसचा मुलूख बल्गेरियाकडे गेला. ग्रीस तसाही गव्हाचा मोठा हिस्सा बाहेरून आणत असे. ब्रिटिश आरमाराच्या नाकेबंदीने ते थांबलं. जे होतं त्यातलं बरंच ताबेदारांनी उचललं. आणि मग हिवाळा आला. अथेन्सच्या रस्त्यांवर माणसं मरून पडू लागली, पालिकेच्या गाड्या सकाळी प्रेतं गोळा करू लागल्या. ताब्याच्या सगळ्या काळात भुकेने आणि तिच्यामागून आलेल्या आजारांनी मेलेल्यांचा आकडा सुमारे ३ लाख धरतात.

शहरातले लोक डोंगरांकडे निघाले. ज्यांनी कधी होर्ता खुडली नव्हती, ज्यांना कोणता पाला खायचा आणि कोणता नाही हे माहीत नव्हतं, तेही. गावाकडून आलेल्या म्हाताऱ्या बायकांचं ज्ञान एकाएकी मोलाचं झालं. पाला मिळत होता, पावसाळाच होता. मिळत नव्हतं ते तेल. उकडलेला पाला, वर काही नाही. मघाचा हिशोब इथे आठवा. तेल काढून घेतलं की त्या वाडग्यात काय उरतं? पोट भरल्यासारखं वाटतं, आणि माणूस झिजत राहतो. भुकेने पाय-पोट सुजलेली माणसं अथेन्समध्ये सर्रास दिसत होती. तेल काळ्या बाजारात गेलं आणि पुढे तर चलनच बनलं. कागदी द्राख्मा इतका कोसळला, की नोव्हेंबर १९४४ मध्ये ५,००० कोटी जुन्या द्राख्मांचा एक नवा द्राख्मा करावा लागला. त्या काळात लोकांचा विश्वास दोनच गोष्टींवर होता, सोन्याचं नाणं आणि तेलाचा डबा.

मदतीची कथा थोडक्यात सांगतो. तुर्कस्तानातून ‘कुर्तुलुश’ नावाचं जहाज धान्य घेऊन आलं, काही खेपांनंतर जानेवारी १९४२ मध्ये ते बुडालं. इंग्लंडमध्येच काही लोकांना आपल्या सरकारची नाकेबंदी असह्य झाली. ऑक्सफर्डमधल्या नागरिकांनी ऑक्टोबर १९४२ मध्ये एक समिती स्थापन केली, तीच आजची ऑक्सफॅम. त्याच वर्षी नाकेबंदी सैल झाली आणि रेडक्रॉसच्या देखरेखीखाली स्वीडिश जहाजांतून गहू येऊ लागला.

युद्ध संपलं. १९४८ साली अमेरिकेच्या रॉकफेलर फाउंडेशनने क्रीट बेटाची पाहणी केली. लेलँड ऑलबॉ यांनी ती चालवली आणि १९५३ मध्ये तिचं पुस्तक आलं. पुस्तकाच्या नावातच क्रीटला ‘अविकसित प्रदेश’ म्हटलं होतं. लोक काय खातात याची त्यांनी काटेकोर मोजदाद केली. धान्य, कडधान्य, पाला, फळं. मांस-दूध अगदी कमी. आणि एकूण ऊर्जेपैकी सुमारे २९ टक्के तेल-चरबीतून, त्यातही मुख्यतः ऑलिव्हच्या तेलातून. मग त्यांनी लोकांना विचारलं, तुमच्या जेवणावर तुम्ही समाधानी आहात का? सहापैकी एकाच कुटुंबाने हो म्हटलं. बाकीच्यांना काय हवं होतं? बहुतेकांनी सांगितलं, मांस.

आणि दहा-बारा वर्षांत सगळं चित्र उलटलं. अँसेल कीज या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५८ मध्ये सात देशांचा मोठा अभ्यास सुरू केला. त्यात ४० ते ५९ वयाच्या पुरुषांचं आरोग्य वर्षानुवर्षं पाहिलं. क्रीटच्या पुरुषांत हृदयविकाराने होणारे मृत्यू आश्चर्य वाटावं इतके कमी निघाले. झालं! ज्या ताटाला त्याचे मालक कंटाळले होते, ते जगासाठी आदर्श ठरलं. पुढे २०१० मध्ये युनेस्कोने भूमध्य आहाराला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं आणि ग्रीसतर्फे कोरोनी या गावाचं नाव त्यात आलं.

आम्हाला हा निकाल खोटा वाटत नाही. ते अन्न चांगलंच होतं. पण त्याचं कौतुक करताना दोन गोष्टी गाळल्या जातात. एक म्हणजे उपवास. ऑर्थोडॉक्स चर्च पाळणारा माणूस वर्षातले निम्म्याच्या आसपास दिवस मांस-दूध वर्ज्य करतो, काही दिवशी तर तेलसुद्धा. म्हणजे त्या ताटामागे धर्माची शिस्त होती. दुसरी म्हणजे गरिबी आणि कष्ट. त्या पुरुषांनी डोंगरउतारावर हाताने शेती केली आणि मांस खाल्लं नाही, कारण ते मिळत नव्हतं. मिळायला लागल्यावर त्यांनी खाल्लं. त्यांच्या नातवंडांनी तर भरपूर. आज ग्रीसमध्ये मुलांच्या लठ्ठपणाची चर्चा चालते. आपल्याकडे टाकळा, कुर्डू, भारंगी यांचे महोत्सव भरतात, शहरातले लोक रांगा लावून रानभाज्या खातात. खावाव्यात, आम्हीही खातो. पण ज्या आदिवासी बाईने ती जुडी आणली, तिच्या घरी त्या भाजीवर तेल किती पडतं, हा प्रश्न त्या रांगेत कुणी विचारत नाही.

आता शेवटी चिठ्ठ्या आल्या आहेत, त्यातल्या दोन घेतो.

पहिली चिठ्ठी: फेटा घातला तर चालेल का? चालेल, घर तुमचं आहे. पण लेट्यूसच्या या सॅलडवर ग्रीक घरांत फेटा बहुधा वेगळ्या बशीत येतो. घालायचाच तर मीठ निम्मं करा, कारण फेटा खारट असतो.

दुसरी चिठ्ठी एका ताईंची आहे: ऑलिव्हचं तेल परवडत नाही, शेंगदाण्याचं घाण्याचं तेल वापरलं तर? ताई, चव वेगळी येईल, जरा गोडसर. तेव्हा लिंबू थोडं वाढवा आणि शेपू थोडा जास्त घ्या. तेलाचं माप मात्र कमी करू नका. आणि खाली वाडग्यात जो रस उरेल तो फेकू नका. ग्रीक लोक त्यात पावाचे तुकडे बुडवून खातात, त्याला ‘पापारा’ म्हणतात. भाकरीचा तुकडाही चालतो.